बेस्टच्या बस कमी का झाल्या? २०१९ च्या कराराची पार्श्वभूमी

मुंबईत बसथांब्यावर सध्या तीन प्रश्न हमखास ऐकू येतात. बस पूर्वीसारख्या का येत नाहीत? पाच रुपयांचं तिकीट एकदम दहा रुपये कसं झालं? आणि बसवर बेस्टचं नाव असताना चालक मात्र खासगी कंपनीचा कसा? तिन्हींची उत्तरं शोधत गेलं की २०१९ च्या जून-जुलैत झालेल्या एका निर्णयापाशी यावं लागतं.

त्याआधीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे: १८७४ ची घोड्यांची ट्राम, १९०७ ची विजेवरची ट्राम, १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावलेली पहिली बस, १९४७ मध्ये महापालिकेकडे आलेला कारभार. यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची आहे. वीजपुरवठा आणि वाहतूक एकाच उपक्रमाकडे, म्हणजे बेस्टकडे होती. वीज फक्त शहर भागाला, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत. बस मात्र पार बोरिवली-मुलुंडपर्यंत. विजेच्या पैशांतून बसची तूट भरून निघायची. उपनगरातल्या बसचा भार शहरातल्या वीजग्राहकाने का उचलायचा, हा प्रश्न रास्त होता आणि २००३ च्या वीज कायद्यानंतर तो जोरात विचारला गेला. बिलातून परिवहन तुटीची वसुली काही वर्षं चालली, वाद नियामकांपर्यंत आणि न्यायालयांत गेला, आणि २०१६ च्या सुमारास ती थांबली. तूट मात्र होती तिथेच राहिली. तिच्यासाठी दुसरी कायमची तरतूद त्याच वेळी व्हायला हवी होती, ती झाली नाही. पुढचं सगळं दुखणं इथून सुरू होतं.

जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. उपक्रमाचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर संप मिटला. विलीनीकरण झालं नाही. त्याऐवजी महापालिकेने मदत देऊ केली, पण अटींसह: ताफा वाढवा, भाडं कमी करा, आणि वाढीव बस विकत न घेता भाडेतत्त्वावर घ्या. भाडेतत्त्वावरच्या बसना कामगार संघटनेचा विरोध होता आणि तो न्यायालयातही गेला होता. अखेर जून २०१९ मध्ये करार झाला. संघटनेने भाड्याच्या बसना संमती दिली. बदल्यात उपक्रमाने स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम राखायचं मान्य केलं.

हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण त्या वेळी तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आलं, तेही पहिल्या दोन किलोमीटरऐवजी पाच किलोमीटरसाठी. वातानुकूलित बसचं किमान तिकीट सहा रुपये. शेअर टॅक्सी-रिक्षांच्या रांगेतली माणसं बसकडे वळली, प्रवासी भराभर वाढले. गरिबाला परवडणारा प्रवास म्हणून तो निर्णय उत्तमच होता, यात शंका नाही. पण स्वस्त तिकीट आणि भाड्याची बस या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आणि पहिलीच्या कौतुकात दुसरीची छाननी राहून गेली.

भाड्याने बस घेण्याच्या या पद्धतीला वेट लीज म्हणतात. तीत बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच. उपक्रम किलोमीटरमागे ठरलेला दर देतो आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवतो. बस रिकामी धावली काय किंवा खच्चून भरून धावली काय, कंत्राटदाराचा दर तोच. दर पुरेनासा झाला की सगळ्यात आधी कात्री लागते ती चालकाच्या पगाराला आणि देखभालीला. समर्थकांचं म्हणणं असं, की नवी बस घ्यायला भांडवल नव्हतं आणि स्वतःच्या बसचा प्रतिकिलोमीटर खर्च बराच जास्त येत होता. हिशेबात ते खरं आहे. पण त्या जास्तीच्या खर्चात कायम नोकरी, निवृत्तिवेतन, प्रशिक्षण आणि डेपोतली कार्यशाळा हेही धरलेलं असतं.

नंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. टाळेबंदीत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, तेव्हा बसवर इतका ताण आला की एसटीच्या गाड्या मुंबईत आणाव्या लागल्या. दर परवडत नाही म्हणून काही कंत्राटदारांनी मध्येच काम सोडलं आणि त्यांच्या मिनीबस रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद केलं, तेव्हा कित्येक मार्गांवर तासतास बस आली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जुनी डिझेलची डबलडेकर कायमची थांबली. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विद्युत बसने अनेकांचे जीव घेतले आणि चालकाला किती प्रशिक्षण मिळालं होतं, हा प्रश्न सगळ्या शहराने विचारला. उत्तर द्यायची जबाबदारी उपक्रमाची की कंत्राटदाराची, यावरच पहिले काही दिवस गेले.

दरम्यान पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या स्वतःच्या बस भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी तितक्या नव्या आल्या नाहीत. ३,३३७ चा शब्द दिलेला असताना स्वमालकीच्या बसची संख्या हजाराच्याही खाली गेली. ९ मे २०२५ पासून किमान भाडं दहा रुपये झालं, वातानुकूलितचं बारा. म्हणजे करारातला प्रवाशाला मिळालेला लाभ संपला, कामगारांना दिलेला शब्द पाळला गेला नाही, आणि भाड्याची बस तेवढी उरली. नव्याने येणाऱ्या विद्युत बसही बहुतांश भाडेतत्त्वावरच्याच आहेत.