मूळ रंग कोणता? भंगारातून परतलेल्या लिबरेटर विमानांच्या जीर्णोद्धाराची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसान शहराजवळच्या विमानसंग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील एक लिबरेटर बॉम्बफेकी विमान उभे आहे. त्याच्या नाकावर 'बंगी बकरू' हे नाव रंगवलेले असून ते इंग्लंडमधील बंगी गावाजवळच्या अमेरिकी हवाई तळाची आठवण सांगते. प्रत्यक्षात हे विमान त्या तळावर कधीच नव्हते. अमेरिकेत बांधल्यावर ते ब्रिटिश हवाई दलाकडे गेले, तेथून भारतात आले, आणि १९६९ मध्ये टूसानला उडत गेले तेव्हा भारतीय हवाई दलातील नोकरी हाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत दीर्घ कालखंड होता. हौशी आणि निवृत्त कारागिरांच्या श्रमांवर चालणाऱ्या विमान-जीर्णोद्धाराच्या चळवळीत 'मूळ स्वरूप' या शब्दांचा अर्थ काय लावायचा, हा वाद गेली चार दशके चालू आहे. त्याची मुळे समजून घ्यायची तर या विमानापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

लिबरेटर हे त्या युद्धात सर्वांत मोठ्या संख्येने बांधले गेलेले जड बॉम्बफेकी विमान होते. एकूण १८,००० हून अधिक विमाने तयार झाली आणि आज त्यांतली मोजकीच उरली आहेत. त्या मोजक्यांपैकी बरीचशी भारतामुळे उरली, ही गोष्ट परदेशी लेखनात सहसा एका वाक्यात उरकली जाते. अमेरिकेने उसनवार-भाडेपट्टा योजनेखाली ब्रिटनला दिलेली ही विमाने युद्ध संपल्यावर एक तर परत करायची होती, नाही तर पैसे मोजून ठेवून घ्यायची होती, आणि दोन्ही जमत नसेल तर निकामी करून टाकायची होती. भारतातील लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर गोळा करण्यात आली आणि त्यांच्या वाट्याला तिसरा मार्ग आला. कोणत्या विमानाचे नेमके काय केले याच्या कथा निरनिराळ्या आहेत. कोणी इंजिनांत वाळू ओतल्याचे सांगतात, कोणी उपकरणे घणाने फोडल्याचे, तर कोणी अख्खे विमान क्रेनने उचलून आपटल्याचे सांगतात.

१९४८ मध्ये नव्या भारताला जड बॉम्बफेकी विमानांची गरज होती आणि ती विकत घेण्याची ऐपत नव्हती. बंगळुरूच्या विमान कारखान्यातील तंत्रज्ञ कानपूरला गेले, पडलेल्या विमानांतून त्यातल्या त्यात शाबूत असलेली निवडली, एकाचे भाग दुसऱ्याला लावले आणि उडण्यापुरती डागडुजी करून ती एकेक करून बंगळुरूला नेली. हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटरचे आहे आणि ही उड्डाणे अशा विमानांची होती, ज्यांना त्यांच्या आधीच्या मालकांनी पुन्हा कधी उडू नये म्हणून मोडले होते. पूर्ण दुरुस्ती बंगळुरूत झाली. अशा रीतीने सुमारे चाळीस विमाने सेवेत आली. जीर्णोद्धाराच्या इतिहासात या कामाचा उल्लेख 'भंगारातून वाचवली' एवढाच होतो. तांत्रिक दृष्टीने पाहिले तर पुढे अमेरिकेत लाखो डॉलर खर्चून जे झाले, त्याची पहिली आवृत्ती इथेच निघाली होती, आणि तीही नकाशे, सुटे भाग व वेळ या तिन्हींची टंचाई असताना. ही माणसे पगारी होती, स्वयंसेवक नव्हती, म्हणून चळवळीच्या वंशावळीत त्यांना जागा मिळाली नसावी.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचव्या स्क्वाड्रनकडे ही विमाने आली. १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरसह पुन्हा उभी राहिली आणि तिच्याकडे सागरी टेहळणीचे काम आले. बॉम्बफेकीसाठी घडवलेले विमान लोहगावहून उठून अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालू लागले. साठीच्या दशकात नागरी वाहतुकीतून निवृत्त झालेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने त्याच कामासाठी आली, तरी लिबरेटर १९६८ च्या अखेरीपर्यंत टिकले. जगातील अन्य हवाई दलांनी ते केव्हाच मोडीत काढले होते.

भारताने लिबरेटर निवृत्त करण्याच्या सुमारासच परदेशांतील संग्रहालयांच्या लक्षात आले, की आपल्याकडे हे विमान जवळजवळ उरलेले नाही आणि भारताकडे मात्र उडणारी आहेत. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेले आणि त्याच्या बदल्यात तिकडून आलेले लायसँडर विमान आज दिल्लीतील पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक टूसानला गेले. १९७४ मध्ये आणखी एक इंग्लंडला गेले. ही सर्व स्वतःच्या पंखांवर गेली, म्हणजे त्या घडीला त्यांना जीर्णोद्धाराची गरज नव्हती. त्यांना नव्या घरी फक्त नवे रंग मिळाले, आणि वादाचे बीज तिथेच पडले.

बंगळुरूत मागे राहिलेल्या विमानांपैकी एकाचा प्रवास वेगळा झाला. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या कारखान्यातून निघालेले हे विमान निवृत्तीनंतर तेरा वर्षे पडून होते. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते घेतले, सुटे करून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेले आणि आहे त्या स्थितीत विकायला काढले. १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका न्यासाने घेतले आणि चार भागांत, जहाजातून, ते अटलांटिक पार गेले.

आरंभीचा बेत ते केवळ उभे ठेवण्याचा होता. युद्धात लिबरेटरवर काम केलेल्या जुन्या वैमानिक-सैनिकांनी आग्रह धरला, की संग्रहालयात ते थोडे लोक पाहतील, उडत गावोगावी गेले तर कितीतरी पट पाहतील. या एका निर्णयाने कामाचे स्वरूप मुळातून बदलले. उभ्या विमानाला बाहेरून नीट दिसणारा पत्रा पुरतो, उडणाऱ्या विमानाचा प्रत्येक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, जबाबदार असतो. हे काम हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेरचे ठरून फ्लोरिडातील किसिमी येथील व्यावसायिक कार्यशाळेकडे गेले, स्वयंसेवकांचा हात राहिला तो मुख्यतः आधीच्या आणि नंतरच्या कामात. सुमारे १२ लाख भागांपैकी ८० टक्के भाग सुटे करून दुरुस्त करून पुन्हा जोडले गेले, ४ लाखांहून अधिक रिव्हेट बदलले, आणि सुमारे ९७,००० श्रमतासांनंतर सप्टेंबर १९८९ मध्ये ते उडाले. इतके बदलल्यावर जुने विमान उरले किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण तो लवकर मागे पडला, कारण कामाचे कौतुक करावे असेच ते काम होते.

खरा वाद रंगाचा झाला. इंग्रजीतील 'रिस्टोरेशन' या शब्दात 'पूर्वस्थितीला आणणे' असा अर्थ गृहीत आहे. मराठीत आपण पुनर्बांधणी, जीर्णोद्धार, जतन आणि डागडुजी असे चार शब्द वापरतो, पण त्यांतला कोणताही 'कोणती पूर्वस्थिती' याचे उत्तर देत नाही. या विमानाला किमान तीन पूर्वस्थिती होत्या. फोर्ट वर्थच्या दारातून निघालेले अमेरिकी विमान, आग्नेय आशियातील युद्धात उतरलेले ब्रिटिश विमान, आणि वीस वर्षे भारताच्या आकाशात असलेले, केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाचे विमान. न्यासाने चौथीच निवडली. १९८९ मध्ये ते 'ऑल अमेरिकन' झाले, म्हणजे इटलीतून लढलेल्या एका अमेरिकी विमानाच्या रूपात रंगवले गेले. १९९८ मध्ये त्याला प्रशांत महासागरातील एका विमानाचे रूप मिळाले आणि नाकापासून शेपटीपर्यंत ड्रॅगनचे चित्र आले. २००५ मध्ये ते 'विचक्राफ्ट' झाले. मूळ विचक्राफ्टने इंग्लंडमधून १३० मोहिमा केल्या होत्या आणि युद्धानंतर ते केव्हाच भट्टीत गेले होते. तीन वेळा रंग बदलला आणि तिन्ही वेळा तो दुसऱ्याच कोणाचा होता.

समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. हजारो विमानांपैकी एक उरते तेव्हा ते एकट्याचे राहत नाही, न उरलेल्या सर्वांच्या वतीने उभे असते. ज्या म्हाताऱ्या सैनिकांच्या देणग्यांवर आणि ओढीवर काम उभे राहिले, त्यांना आपल्या तुकडीची खूण पाहायची होती, आणि त्यांच्यापैकी कोणीही पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये नव्हता. हेही खरे की रंग ही उलटवता येणारी गोष्ट आहे. खालचा पत्रा तोच राहतो. तरीही 'मूळ स्वरूपात आणले' हे शब्द या कृतीला लावणे मराठी माणसाच्या कानाला खटकायला हवे. आपल्याकडे वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर २०२२ मध्ये उतरवला गेला, तेव्हा खालून त्याच मूर्तीचे रूप निघाले. इथे भारतीय थर खरवडला गेला आणि त्याजागी शेजारच्या देवळातल्या मूर्तीचा चेहरा रंगवला गेला. पाहणाऱ्याला ते सांगणारी पाटी असते, पण पाटी विमानाइतकी मोठी नसते.

इंग्लंडला गेलेल्या विमानाची बाजू तुलनेने सरळ आहे, कारण त्याला दिलेले आग्नेय आशियातील ब्रिटिश तुकडीचे रंग त्याच्या स्वतःच्या युद्धकाळाशी जुळतात. कॅनडातील विमानाने मात्र ज्या हवाई दलाचे रंग घेतले, त्या दलात ते कधी लढले नव्हते.

या प्रश्नावर स्वयंसेवकांनी स्वतःहून फेरविचार केल्याचे उदाहरण टेक्ससमध्ये आहे, आणि ते भारतातून न गेलेल्या लिबरेटरचे आहे. अगदी आरंभीच्या काळात ब्रिटनसाठी बांधलेले हे विमान अपघातामुळे अमेरिकेतच राहिले, कारखान्याने ते मालवाहू म्हणून वापरले, पुढे मेक्सिकोतील तेल कंपनीने प्रवासी विमान केले आणि १९६८ च्या सुमारास ते स्वयंसेवकांच्या एका मोठ्या संघटनेकडे आले. त्यांनी त्याला 'डायमंड लिल' म्हटले आणि त्याच नावाने ते पिढ्यांना परिचित झाले. २००६-०७ मध्ये त्याला बॉम्बफेकी विमानाचे रूप देऊन जुन्या क्रमांकावरून नवे नाव दिले गेले, कारण तेच अधिक 'मूळ' मानले गेले. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, 'डायमंड लिल' हे नाव परत आले. संघटनेकडे काढलेली चार दशके हाही त्या विमानाचा इतिहासच आहे, हे यातून मान्य झाले. हाच न्याय भारतातील दोन दशकांना लावायला अद्याप कोणी धजलेले नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या वेरिबी येथे तर प्रश्न रंगाच्याही आधी, सांगाड्यापासून सुरू होतो. तेथील हँगरमध्ये स्वयंसेवकांनी जोडलेल्या लिबरेटरचे धड ऑस्ट्रेलियन हवाई दलाचे आहे. युद्धानंतर एका गृहस्थाने ते विकत घेऊन अनेक दशके आपल्या अंगणात ठेवले होते. पंख मात्र पापुआ न्यू गिनीत कोसळलेल्या एका अमेरिकी विमानाचे आहेत. हे विमान उडवायचे नाही, इंजिने चालू करून दाखवायची, असे तेथील मंडळींनी ठरवले. निवृत्त माणसे आठवड्यातले ठरावीक दिवस येतात, पत्रा ठोकतात आणि घरी जातात. उडवायचे नाही असे ठरल्यामुळे घाई नाही, विम्याचा बोजा नाही आणि मोठ्या देणगीदाराच्या पसंतीचा रंगही नाही. या सर्व प्रकल्पांत वेरिबीचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, जरी त्यातून आकाशात काहीच जात नाही.

उडवण्याच्या बाजूला मोठा धक्का बसला तो २ ऑक्टोबर २०१९ रोजी. मॅसॅच्युसेट्सच्याच न्यासाचे बी-१७ हे दुसरे जुने बॉम्बफेकी विमान प्रवाशांना घेऊन उडाले आणि कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावर परतताना कोसळले. त्यात सात जण मृत्युमुखी पडले. पुढच्या मार्चमध्ये नियामक यंत्रणेने त्या न्यासाची पैसे घेऊन प्रवासी नेण्याची मुभा काढून घेतली. गावोगावी उडत जाऊन तिकिटांतून देखभालीचा खर्च भागवण्याचे जे गणित १९८० च्या दशकात 'उभे की उडते' या निर्णयामागे होते, ते त्या न्यासापुरते तिथे संपले, आणि 'विचक्राफ्ट'लाही त्याचा फटका बसला.

भारतात या वादाकडे बहुतेक तक्रारीच्या सुरात पाहिले जाते. तक्रारीत तथ्य असले, तरी आपणही तेच केले आहे. २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत जामनगरला आलेल्या डाकोटा विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक, त्याच्या सन्मानार्थ रंगवलेला. कॉव्हेंट्रीत दुरुस्त झालेले हे विमान मात्र वेगळेच होते. त्याचा जन्म ब्रिटिश हवाई दलासाठी झाला होता आणि नंतर ते अनेक वर्षे ब्रिटनमध्ये नागरी सेवेत होते. समारंभाच्या बातम्यांत ही बाब फारशी आली नाही. आपल्याकडील हौशी अभ्यासकांनी मात्र दोन्ही प्रकरणांत सारखीच शिस्त पाळली आहे. रिव्हेट ठोकायची संधी त्यांना मिळत नाही, म्हणून त्यांनी क्रमांकांच्या याद्या हाती घेतल्या. कोणते विमान कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते, कधी मोडले, कधी कोणत्या देशाला गेले, हे त्यांनी वर्षानुवर्षे जमवले. टूसानच्या 'बंगी बकरू'चे आणि 'विचक्राफ्ट'चे भारतीय आयुष्य आज कोणाला पडताळून पाहायचे असेल, तर या याद्यांइतका दुसरा हाताशी येणारा आधार नाही.

पालमच्या संग्रहालयात एचई ९२४ हे लिबरेटर आजही आपल्याच भारतीय क्रमांकासह आणि भारतीय खुणांसह उभे आहे.