चाकाचे बेअरिंग अकाली जाणे

मोटारीच्या चाकाचे बेअरिंग साधारण लाख-दीड लाख किलोमीटर चालावे अशी अपेक्षा असते. ते वीस-तीस हजारांतच आवाज करत घुमू लागले, किंवा बदलल्यावर सहा महिन्यांत पुन्हा बोलू लागले, तर ते अकाली गेले असे समजतात. पारिभाषिक मराठीत बेअरिंगला ‘धारवा’ असा शब्द आहे. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र धारवा मागून पाहू नये.

बेअरिंगमध्ये आतली व बाहेरची अशा दोन रेस (म्हणजे पोलादी कडी), त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांच्या रांगा, ग्रीस आणि दोन्ही अंगांना सील असते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते कारखान्यातूनच बंद होऊन येते, मध्येच उघडून ग्रीस भरता येत नाही. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते : भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येते. बाहेर निघालेली, बेअरिंगवरचा भार वाढवणारी रुंद चाके हौसेने बसवणाऱ्यांना हे गणित कोणी सांगत नाही.

पुण्यात पहिला दोष खड्ड्यांवर जातो. तो अगदीच खोटा नाही. वेगात चाक खड्ड्यात आपटले की गोळी रेसवर बारीक खळगा पाडते आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात तिथे ठेचकाळते. पाण्याचे काम संथ असते. तापलेले हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पूर शिरला, तशा पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांची बेअरिंग लगेच नव्हे, तर काही आठवड्यांनी आवाज करतात. काढल्यावर आतले ग्रीस दुधाळ चहासारखे दिसते.

पण नवे बेअरिंग पुन्हा गेले, तर आधी ते बसवले कसे याची चौकशी करावी. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंग कारखाना, आणि त्याच शहरात बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवणारे कमी नाहीत. बाहेरची रेस नकलमध्ये (सस्पेन्शनला जोडलेल्या, बेअरिंग धरणाऱ्या भागात) बसवताना दाब बाहेरच्याच रेसवर हवा. हब घालताना आतल्या रेसला खालून टेकू हवा. हे चुकले तर सगळा जोर गोळ्यांतून जातो. असे बेअरिंग काढून पाहिले की रेसवर गोळ्यांच्याच अंतराने, आखल्यासारखे, खळगे मोजता येतात. गाडी बाहेर पडण्याआधीच ते निकामी झालेले असते; मालकाला कळते ते मुंबईच्या वाटेवर. एक्सलचा नट टॉर्क पान्याऐवजी (म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याऐवजी) अंदाजाने आवळणे, नट पुरता आवळण्याआधीच गाडी ढकलून बाजूला घेणे, जुनाच नट पुन्हा वापरणे हीही नेहमीची कारणे. काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएससाठी (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय कडे असते. ते उलट बसले की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बिचाऱ्या सेन्सरवर आळ येतो.

आवाज ‘घूंऽऽ’ असा, वेगाबरोबर चढणारा. गिअर न्यूट्रल केला तरी तो जात नाही. कात्रज घाटातल्या वळणांवर निदान सोपे होते : डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजवीकडचा. टायर वेडावाकडा झिजला तरी असेच घुमते. पण सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर टायरचा आवाज पालटतो, बेअरिंगचा फारसा नाही. जुने फिटर चाक जॅकवर उचलतात, एका हाताने फिरवतात आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतात. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर लागते, कानाला ऐकू येण्याआधी.

नुसता आवाज असताना गाडी चालते म्हणून लोक चालवत राहतात. पुढे चाकात प्ले (ढिलेपणा) येतो, डिस्क डुलते आणि ब्रेकपॅड मागे ढकलले जातात, त्यामुळे ब्रेकचा पहिला पाय रिकामा जातो.