फ्लोरिडा २००० : ५३७ मतांच्या निकालामागे

७ नोव्हेंबर २०००च्या रात्री अमेरिकेचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न एकट्या फ्लोरिडावर येऊन अडला. राज्यात ज्याची सरशी, त्याला तिथली सगळी म्हणजे २५ इलेक्टोरल मते; अध्यक्ष ठरतो तो देशभरातल्या एकूण मतांवर नाही, राज्यवार मिळणाऱ्या या मतांवर. वृत्तवाहिन्यांनी आधी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना विजयी ठरवले, मग रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांना, आणि दोन्ही वेळा शब्द मागे घेतला. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने कायद्यानेच यंत्रावर फेरमोजणी झाली आणि आघाडी आणखी घटली.

खरा घोळ पाम बीच काउंटीतल्या मतपत्रिकेत होता. वयस्कर मतदारांना नीट वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली. मग नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देण्यासाठी पाडायची भोके मात्र मधल्या एकाच रांगेत आली. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरे भोक होते उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन या तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराचे. गोर यांचे तिसरे. ब्यूकॅनन यांना तिथे सुमारे ३,४०० मते पडली. यातली बरीचशी आपली नसावीत, हे त्यांनी स्वतःच सांगितले. दोन भोके पडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या, त्या वेगळ्याच. मला हा आकडा शेवटच्या ५३७ मतांच्या फरकापेक्षा जास्त बोचतो. या माणसांनी मतदान केले होते, पण ते कोणाच्याच खात्यात गेले नाही.

हाताने मोजताना वेगळीच पंचाईत. कागदाचा तुकडा पूर्ण न निघता कोपऱ्याला लटकलेला, कुठे नुसता दबलेला. अधिकारी मतपत्रिका उजेडासमोर धरून मतदाराचा हेतू शोधत होते, आणि निकष काउंटीगणिक बदलत होता.

२६ नोव्हेंबरला निवडणुकीचे काम पाहणाऱ्या राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस यांनी निकाल प्रमाणित केला : बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. हॅरिस बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या आणि गव्हर्नर जेब बुश उमेदवाराचे सख्खे भाऊ. संशयाला जागा राहणारच. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर हाताने फेरमोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली आणि १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ मतांनी विषय संपवला. देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही गोर यांनी १३ तारखेला पराभव मान्य केला.

पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने भोके पाडायच्या मतपत्रिका कायद्याने बंद केल्या.