बावला खून प्रकरण: नाटकाला हात घालण्याआधी थोडी पार्श्वभूमी

पुढचं नाटक बावला खून प्रकरणावर करायचं असं जवळपास ठरलंय आणि तालमीला येणाऱ्या निम्म्या मुलांनी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. "खुनी कोण" छाप काही डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. गोळ्या झाडणारे तर जागेवरच सापडायला लागले होते. त्यांना पाठवलं कुणी, हे मात्र शंभर वर्षं उलटली तरी कुठल्याही कोर्टात ठरलेलं नाही, आणि मला नाटक दिसतंय ते तिथेच.

तर 12 जानेवारी 1925, संध्याकाळ. अब्दुल कादर बावला हा मुंबईतला तरुण, गडगंज व्यापारी, महापालिकेचा सभासद, मलबार हिलवर मोटारीतून फिरायला निघालेला, सोबत मुमताज बेगम आणि त्याचा मॅनेजर. मागून दुसरी मोटार आली, यांच्या मोटारीला धडकली, त्यातून माणसं उतरली, बावलाला गोळ्या घातल्या आणि मुमताजला ओढून आपल्या गाडीत कोंबायला लागली, त्या झटापटीत तिच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात विलिंग्डन क्लबवर गोल्फ खेळून परतणारे लष्करातले इंग्रज अधिकारी तिथे पोचले, त्यातला लेफ्टनंट सेगर्ट चक्क गोल्फची काठी घेऊन पिस्तूलवाल्यांवर धावला आणि स्वतःला गोळ्या लागल्या तरी मारत राहिला. हे मी मनाने लिहिलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता, काहीही काय! बावला काही वाचला नाही. मुमताज वाचली, आणि बोलली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मुमताज म्हणजे नाचगाण्याच्या घराण्यातली मुलगी, कोवळ्या वयात इंदूरला गेलेली, तिथले महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदरी राहिलेली. तिला मुलगी झाली ती जन्मल्यावर लगेच गेली, दरबारच्या नर्सने मारली असं तिने कोर्टात सरळ सांगितलं. मसुरीला नेत असताना ती दिल्लीला गाडीतून उतरली ती परत इंदूरला गेलीच नाही, फिरत फिरत मुंबईत बावलाकडे आली. म्हणजे बघा, हल्ला मुळात बावलाला मारायला नव्हताच, हिला उचलून परत न्यायला होता. खून मधेच झाला. ही गोष्ट नटांनी पक्की डोक्यात ठेवायची, नाहीतर सगळा प्रसंग सुपारीसारखा वाटेल.

इंदूर म्हटलं की आपल्याकडे पोहे-जिलेबी आठवतात, पण तेव्हा ते 19 तोफांच्या सलामीचं मराठी संस्थान होतं, 1917 चं साहित्य संमेलन तिथे झालेलं. त्यामुळे आरोपींची नावं वाचताना आपल्यालाच कसंतरी होतं, दिघे, पोंडे, आणि इंदूरच्या फौजेतला बडा अधिकारी सरदार आनंदराव फणसे. या फणसेंचं वकीलपत्र कुणी घेतलं होतं तर बॅरिस्टर जीनांनी. पोलीस कमिशनर केलीसाहेब, हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प, समोर ज्यूरी, आणि मुंबईचे पेपर रोज रकानेच्या रकाने भरत होते. मे महिन्यात निकाल लागला, तिघांना फाशी सुनावली, फणसे धरून काहींना जन्मठेप, बाकीचे सुटले. त्या तिघांपैकी शफी अहमद आणि दिघे फासावर गेले, तिसरा पोंडे तोवर भ्रमिष्ट झाला म्हणून त्याची फाशी टळली. धागा इंदूरकडे जातो हे कोर्टाला दिसत होतं, पण त्या धाग्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे शोधायची सोयच त्या खटल्यात नव्हती, कारण संस्थानिकाला ब्रिटिश इंडियाच्या कोर्टात आरोपी म्हणून उभंच करता येत नव्हतं.

इथे थोडं मागे जायला लागेल. 1875 साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट (म्हणजे संस्थानातला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअरला सरबतातून विष घातल्याचा आळ आला, सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड म्हणे. कमिशन बसलं, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी, इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सभासदांना ते पटलं नाही, तीनला तीन. सरकारने काय केलं, तर विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावाखाली त्यांना गादीवरून काढलं! लोक भडकले, त्यावर नाटकंही लिहिली गेली, आणि पुढच्याच वर्षी 1876 चा नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा आला, त्यामागे कलकत्त्याची कारणं जास्त होती पण हवा तीच. तो अनुभव सरकार विसरलं नव्हतं. म्हणून इंदूरच्या वेळी व्हाइसरॉय रीडिंगने तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी कमिशनला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. महाराजांनी फेब्रुवारी 1926 मध्ये गादी सोडली, मुलगा यशवंतराव गादीवर आला, आणि पुढे चौकशी होणार नाही असं ठरून प्रकरणावर पडदा पडला. माझ्या मते दोघांचीही सोय झाली. महाराजांना जाबजबाब टळले, सरकारला परत तीनला तीनची नामुष्की टळली, आणि उत्तर मात्र कायमचं हुकलं. स्वतः महाराज नंतर अमेरिकन बाईशी लग्न करून 1978 पर्यंत जगले, वारले पॅरिसला.

लोकांनी हा विषय करमणुकीला वापरायला वेळ लावला नाही, 1925 मध्येच कोहिनूर कंपनीचा 'कुलीन कांता' मूकपट यावरून निघाला.

नारायणराव पेशव्यांच्या खुनावर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय, पण तिथे रामशास्त्री तरी राघोबांना तोंडावर दोषी म्हणाले. इथे तसं कुणी म्हणालेलं नाही, त्यामुळे महाराज रंगमंचावर आणून त्यांच्या तोंडी "जा, घेऊन या तिला" असलं वाक्य घालायला मी तयार नाही, मग ते कितीही टाळ्यांचं असो. संशय दाखवू, हुकूम दाखवणार नाही. तसंही संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे) जाणार, तिथे कुणी विचारलंच तर प्रत्येक वाक्य कशावरून घेतलं हे सांगता आलं पाहिजे, म्हणून मुमताजचा आणि सेगर्टचा जबाब शक्यतो जसा नोंदला गेलाय तसाच ठेवतोय. अडचण दुसऱ्या अंकाची आहे, कारण त्यात सगळा पत्रव्यवहारच आहे आणि पत्रं वाचून दाखवणारी पात्रं प्रेक्षक दहा मिनिटांवर सहन करत नाहीत, त्यावर कुणाला काही सुचलं तर तालमीच्या आधी सांगा.