मोठा लॉट म्हणजे स्वस्त उत्पादन?

‘सेटअपला (मशीन एका वस्तूवरून दुसरीसाठी तयार करायला) वेळ जातो, म्हणून लॉट (एका सेटअपमध्ये सलग काढलेले नग) मोठाच घ्या’ हा समज अर्धाच खरा. एका मशीनची शिफ्ट ४८० मिनिटांची, तीन वस्तूंचं मिळून रोजचं काम ३६० मिनिटांचं आणि प्रत्येक सेटअप ४० मिनिटांचा असेल, तर उरलेल्या १२० मिनिटांत तिन्ही सेटअप बसतात. मग तिन्ही वस्तू रोज काढा. इथे सेटअप वाचवून मिळतं काय? रिकामं मशीन आणि गोदामात पडून राहिलेला माल.

काम ४४० मिनिटांचं असेल तेव्हा मात्र दिवसाला एकच सेटअप बसतो. प्रत्येक वस्तूची पाळी तिसऱ्या दिवशी, लॉट तीन दिवसांच्या मागणीएवढा. तिथेही आधी सेटअप घटवा: पुढची डाय (साचा), बोल्ट, गेज (माप तपासायचं साधन) मशीन चालू असतानाच शेजारी आणून ठेवा. रंगकामात फिक्याकडून गडदकडे जा, धुलाई कमी लागते.