उंचवटा दिसला म्हणजे परिभ्रमणकाळ सापडला, असं नाही

नवा ड्वार्फ नोव्हा (श्वेतबटू, म्हणजे मृत ताऱ्याचा घट्ट गाभा, आणि त्याला वायू देणारा जोडीदार तारा यांची अधूनमधून एकाएकी उजळणारी जोडी) जाहीर झाला की पुण्यातले निरीक्षक दुर्बीण गाडीत टाकून पानशेतकडे निघतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण सकाळी तेजस्वितेचा जो आलेख येतो, त्यात ठरावीक काळाने येणारे उंचवटे दिसतात आणि त्याखाली हमखास लिहिलेलं असतं, ‘परिभ्रमणकाळ मिळाला’, म्हणजे जोडीची एकमेकांभोवतीच्या एका फेरीची वेळ मिळाली. महाउद्रेकात, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या आणि लांबलेल्या उद्रेकात, तो असा मिळत नाही.

नोव्हा आणि ड्वार्फ नोव्हा यांतला फरक सोपा आहे: एकात श्वेतबटूवर साचलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट होतो, दुसऱ्यात भोवतालची वायूची तबकडी तापून उजळते. शांत काळातला ऑर्बिटल हंप, म्हणजे परिभ्रमणाच्या तालावरचा उंचवटा, तोही तुमच्या ओळखीचा. जोडीदाराचा वायू तबकडीच्या कडेवर आदळतो, तिथला तेजस्वी ठिपका फेरीत एकदा समोर येतो.

महाउद्रेकातला उंचवटा, म्हणजे सुपरहंप, वेगळा. महाउद्रेकात तबकडी इतकी फुगते की जोडीदाराच्या एका फेरीत तिच्या कडेचा वायू तीन फेऱ्या मारतो. या ३:१ च्या तालाने तबकडी लंबगोल होते आणि तो लंबगोल स्वतःच जोडीदाराच्याच दिशेने सावकाश सरकतो. घड्याळाचे काटे आठवा. बाराला एकत्र असलेला मिनिटकाटा तासकाट्याला पुन्हा गाठतो तो एक वाजून पाच मिनिटांनंतर, कारण दरम्यान तासकाटा पुढे गेलेला असतो. तसंच इथे जोडीदाराला पुढे सरकलेल्या लंबगोलाला गाठायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून सुपरहंपचा काळ परिभ्रमणकाळापेक्षा किंचित जास्त भरतो.

किती जास्त? १९७२ च्या डिसेंबरात फोग्ट आणि वॉर्नर या खगोलशास्त्रज्ञांना हे उंचवटे व्हीडब्ल्यू हायड्री नावाच्या ज्या जोडीत दिसले (दक्षिणेकडे इतकी खाली, की पुण्यातून निरीक्षणाला उपयोगाची नाही), तिचा परिभ्रमणकाळ सुमारे १०७ मिनिटं आणि सुपरहंपचा साधारण ११०.५. पाच तासांच्या रात्रीत जेमतेम तीन उंचवटे येतात आणि त्यांचे माथेही पसरट. त्यातून साडेतीन मिनिटं कशी वेगळी काढणार? पूर्ण एका फेरीचा फरक पडायलाच सव्वादोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय दिवसाच्या खंडात दहा उंचवटे निसटले की अकरा, हे एका गावातून पाहून ठरत नाही, दूरच्या रेखांशावरचा सोबती लागतो.

अपवाद डब्ल्यूझेड सॅजिटी गटातल्या ड्वार्फ नोव्हांचा. तिथे महाउद्रेकाच्या सुरुवातीचे दुहेरी उंचवटे परिभ्रमणकाळाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

माझा आग्रह एवढाच: नोंदीत ‘सुपरहंप काळ’ लिहा. परिभ्रमणकाळाची जागा कोरी ठेवा आणि तारा शांत झाल्यावर ग्रहणं किंवा वर्णपट मिळाले की भरा. कारण या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच जोडीदार आणि श्वेतबटू यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा अंदाज बांधता येतो, आणि दोन्हींना एकच नाव दिलं की तो फरकच पुसला जातो.