स्कंदषष्ठीचे व्रत आणि मुरुगनची सहा क्षेत्रे : पार्श्वभूमी

दिवाळीची अमावास्या सरली की तमिळनाडूत मुरुगनच्या, म्हणजे स्कंदाच्या किंवा आपल्याकडच्या कार्तिकस्वामीच्या, भक्तांचे सहा दिवसांचे व्रत सुरू होते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत कोणी एकभुक्त राहतो, कोणी दूध-फळांवर, तर कोणी निव्वळ पाण्यावर. मुरुगनच्या सहा क्षेत्रांपैकी तिरुचेंदूरला तर अनेक जण मनगटाला रक्षासूत्र बांधून सहाही दिवस देवळाच्या परिसरातच मुक्काम करतात.

व्रत पुराणकथेवर उभे असले, तरी देव त्या कथेहून जुना आहे. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात तांबड्या वर्णाचा सेयोन् हा डोंगराळ मुलखाचा देव सांगितला आहे. पुढे उत्तरेकडील स्कंदाची कथा त्याच्याशी एकरूप झाली; मात्र डोंगराशी असलेले नाते तुटले नाही, कारण देवसेनेबरोबरच शिकाऱ्यांच्या घरी वाढलेली वळ्ळी हीसुद्धा त्याची पत्नी मानली गेली. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, म्हणून स्त्रिया एरवी त्याचे दर्शन टाळतात. तिकडे त्याच देवाचे हे व्रत स्त्रिया अपत्यप्राप्तीसाठी श्रद्धेने करतात.

नक्कीरर यांच्या नावे असलेल्या ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’ या संघम, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्याच्या, परंपरेतील दीर्घकाव्यात मुरुगनच्या निवासस्थानांचे वर्णन आहे. तिरुप्परंकुन्रम, तिरुचेंदूर, पळनी, स्वामीमलै, तिरुत्तणी आणि पळमुदिर्चोलै ही सहा क्षेत्रे परंपरेने त्याच काव्याशी जोडली आहेत. त्यांपैकी तिरुप्परंकुन्रमचे मूळ गुहामंदिर पांड्य राजांच्या काळातले, 8व्या शतकातले आहे. तिरुचेंदूर तेवढे थेट समुद्रकाठी आहे.

व्रताला आजचा आकार देणारी कथा कच्चियप्प शिवाचार्यांच्या ‘कंदपुराणम्’मध्ये विस्ताराने येते. आंब्याच्या झाडाचे रूप घेतलेल्या सूरपद्म असुराला मुरुगन आपल्या वेलाने, म्हणजे भाल्याने, दुभंगतो आणि त्या दोन भागांतून मोर व कोंबडा प्रकटतात. मोर त्याचे वाहन होतो, कोंबडा ध्वजावर बसतो. षष्ठीला तिरुचेंदूरच्या वाळूवर अलोट गर्दीसमोर हाच सूरसंहार साकारला जातो आणि दुसऱ्या दिवशी देवसेनेशी विवाहसोहळा होतो. देवाचा क्रोध जिथे शमला असे मानतात, त्या तिरुत्तणीला मात्र संहार न करता पुष्पांजली वाहतात. व्रतात घरोघरी म्हटले जाणारे ‘कंद षष्ठी कवचम्’ हे देवराय स्वामींचे स्तोत्र बरेच अलीकडचे, 19व्या शतकातले आहे.

बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून, आपल्याकडे खंडोबाचे षड्रात्र बसते आणि मणी-मल्लांच्या वधाचे स्मरण करणाऱ्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते उठते. सहा दिवसांचे व्रत आणि षष्ठीला असुरवधाचे स्मरण हे साम्य ठळक आहे, मात्र तेवढ्यावरून दोन्ही देवांचे मूळ एकच ठरवणे घाईचे होईल.